"पैलवानाचा कान कुठं हाय?" सुरुवातीच्या पोर्ट्रेटवरची टीका कामाला कशी लावायची

मी ज्याला माझं पहिलं बरं पोर्ट्रेट म्हणायचो त्यात एक पैलवान आहे. कोल्हापुरातली एक तालीम, सकाळचे साडेसहा, गडी नुकताच मेहनत करून मातीच्या हौद्यातून बाहेर आलेला, खांद्यावर लाल माती, आणि मी सेकंडहँड घेतलेल्या क्रॉप सेन्सर (म्हणजे लहान सेन्सरच्या) कॅमेऱ्याला पन्नास एमएमची लेन्स लावून एफ १.८ वर, म्हणजे लेन्सचं भोक भरपूर उघडं ठेवून, त्याचा चेहरा टिपलेला. डोळे एकदम शार्प, बाकी सगळं लोण्यासारखं विरघळलेलं. दोन दिवस तोच फोटो फोनच्या वॉलपेपरला होता. मग प्रिंट काढून आमच्या गल्लीतल्या स्टुडिओवाल्या काकांकडे नेला, ज्यांनी आयुष्यभर पासपोर्ट फोटो आणि लग्नं काढलीत. काकांनी चष्मा कपाळावर सरकवला, फोटो डोळ्याजवळ धरला आणि एवढंच म्हणाले, "बाळा, पैलवानाचा कान कुठं हाय?"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, कुस्ती खेळणाऱ्याचे कान मोडलेले असतात. वर्षानुवर्षं डोकं डोक्याला घासून, पकडीत दाबलं जाऊन कानाच्या कूर्चेला मार बसतो, आत रक्त साकळतं आणि ते कडक होऊन कान गाठीसारखा होतो. तालमीत नवीन पोरं तो कान बघून ओळखतात की हा जुना गडी आहे. त्याच्या दहा वर्षांच्या मेहनतीची खूण त्या कानावर होती आणि मी ती धुरकट करून टाकली होती, कारण मला मागचं ब्लर करायचं होतं.

त्या एका प्रश्नाने मला जे शिकवलं ते आधी बघितलेल्या कितीतरी व्हिडिओंनी शिकवलं नव्हतं, पण तेही लगेच नाही. त्या दिवशी मी घरी येऊन नाराज होऊन बसलो. कळलं ते आठ दिवसांनी, जेव्हा त्याच पैलवानाला त्याच भिंतीसमोर त्याच वेळेला उभा करून मी फक्त अपर्चर, म्हणजे लेन्सचं ते भोक, बदललं. म्हणून या सगळ्या लेखातला माझा मुद्दा एकच आहे, की टीका नुसती ऐकून समजत नाही, तोच फोटो परत काढल्यावर समजते. त्यासाठी काय काय करायचं ते खाली क्रमाने लिहितोय.

आधी दाखवायचं काय ते ठरवा

साठ फोटो दाखवू नका. आठ पुरे. पण ते आठ तुमचे बेस्ट आठ नसावेत. चार तुम्हाला आवडलेले, दोन "काहीतरी चुकलंय पण काय ते कळेना" असे, आणि दोन अगदी नेहमीचे, जसे तुमच्या हातून आपोआप निघतात तसे. एका फोटोतली चूक त्या दिवसाची असू शकते, पण आठ एका ओळीत मांडले की सवय दिसते. माझ्या आठपैकी आठ एफ १.८ वर होते आणि पाच फोटोंत डोकं बरोबर मधोमध होतं, वर अर्धा फोटो रिकामा. हे काकांनी सांगायच्या आधी मलाच दिसलं, नुसते टेबलावर मांडल्यावर.

आणि जमलं तर प्रिंट काढा, चार बाय सहाची साधी प्रिंट चालते. फोनवर दाखवलं की समोरचा माणूस बोटांनी झूम करून डोळे बघतो आणि "वा शार्प आहे" म्हणून परत देतो, शिवाय प्रत्येकाच्या फोनचा ब्राइटनेस वेगळा, कुणाला चेहरा काळा वाटतो कुणाला फटक पांढरा. कागदावर तो घोळ नाही, सगळे तोच फोटो बघतात. एडिट केलेल्या प्रत्येक फोटोसोबत मूळ फाइल पण फोनमध्ये ठेवा, लागते.

एक गोष्ट राहिली. ज्याचा फोटो आहे त्याला "मी हा चार लोकांना दाखवून शिकणार आहे, चालेल ना" असं विचारून घ्या. लहान मुलांचा असेल तर आईवडिलांना. विचारल्यावर नाही म्हणणारे फार कमी भेटतात, पण न विचारता दाखवलेला फोटो फिरत फिरत त्याच माणसापर्यंत गेला की त्याला जे वाटतं ते चांगलं नसतं.

विचारायचं कसं, आणि मग गप्प कसं बसायचं

"कसा आलाय?" हा प्रश्न विचारूच नका. घरचे छान म्हणणार, मित्र भारी म्हणणार, विषय संपला. मी तीन प्रश्न ठरवलेत. फोटो बघितल्या बघितल्या नजर पहिल्यांदा कुठं गेली? हा माणूस कसा आहे, काय करत असेल असं वाटतं? आणि यातली एकच गोष्ट बदलायची झाली तर कुठली बदलशील? हे प्रश्न फोटोग्राफी न कळणाऱ्या माणसाला पण विचारता येतात, आणि खरं सांगायचं तर त्यांची उत्तरं जास्त कामाची असतात, कारण त्यांना नियम माहीत नसतात, त्यांना फक्त दिसतं.

आणि मग गप्प बसायचं. हे सगळ्यात अवघड आहे. तोंडात लगेच येतं की तेव्हा उजेड कमी होता, त्याला घाई होती, लेन्सच तशी आहे. बोललात की समोरचा माणूस समजूतदारपणे "हां मग ठीक आहे" म्हणतो आणि त्याच्या मनात आलेलं दुसरं वाक्य आतच राहतं. तुम्ही प्रत्येक फोटोच्या शेजारी उभं राहून खुलासा करणार नाही आहात, फोटो एकटाच असणार आहे.

जवळ वही ठेवा आणि जे बोललं जातं ते त्यांच्याच शब्दांत लिहा. "लाइटिंग प्रॉब्लेम" असं लिहू नका, "मावशी म्हणाली हा रागावलाय का" असं लिहा. माझ्या वहीच्या पहिल्या पानावर तीन ओळी आहेत: मावशी, हा रागावलाय का. मित्र, मागं वायर लोंबतीय. काका, कान. तीनही एकाच फोटोबद्दल.

बोललेलं वाक्य आणि खरं दुखणं

डॉक्टरकडे पेशंट "कसंतरी होतंय" म्हणतो तसंच हे असतं. माणूस लक्षण सांगतो, कारण तुम्ही शोधायचं. मावशीला पैलवान रागावलेला वाटला कारण डोळ्यांच्या खोबणीत सावली होती, भुवया खाली आल्यासारख्या दिसत होत्या, तो बिचारा मुळात हसत होता. "ओळखू येईना" म्हणाले तर बहुतेक वेळा फार जवळून काढलेला असतो. "मेणाचा पुतळा वाटतोय" म्हणजे एडिटिंगमध्ये कातडी गुळगुळीत केलीय. "आजारी दिसतोय" म्हणजे रंग किंवा वरून पडलेला उजेड. "फोटो हललाय" हे मात्र दोन वेगळ्या आजारांचं एकच लक्षण आहे, त्याबद्दल पुढं लिहितो.

वहीत प्रत्येक वाक्याच्या समोर तुम्हाला वाटतं ते कारण लिहा, शंभर टक्के झूम करून बघा, आणि फाइलची माहिती उघडून अपर्चर, शटर (सेकंदाचा कितवा भाग उजेड आत घेतला), आयएसओ (सेन्सर उजेडाला किती तिखट ठेवला), फोकल लेंग्थ (लेन्सचे एमएम) हे चार आकडे टिपून ठेवा. फोनमध्ये पण फोटो वर सरकवला की किंवा डिटेल्समध्ये गेलं की हे दिसतं. आकडे नसतील तर परत काढताना काय बदललं ते कळणार नाही.

मग नियम असा: तोच माणूस, तीच जागा, शक्यतो तीच वेळ, आणि बदलायची फक्त एक गोष्ट. दोन गोष्टी बदलल्या आणि फोटो सुधारला तर कशाने सुधारला ते समजत नाही. आता नेहमी येणारे शेरे एकेक करून घेतो.

"कान कुठं हाय": किती भाग शार्प हवा

पन्नास एमएमची लेन्स, क्रॉप सेन्सर, माणूस दीड मीटरवर आणि एफ १.८, अशा वेळी शार्प राहणारा पट्टा साधारण सहा सेंटिमीटरचा असतो. म्हणजे डोळ्यावर फोकस केला तर डोळ्यामागं फक्त तीन सेंटिमीटर. डोळ्यापासून कान नऊ-दहा सेंटिमीटर मागं असतो, तो गेलाच. एफ ५.६ वर, म्हणजे भोक लहान केल्यावर, हाच पट्टा साधारण एकोणीस सेंटिमीटर होतो, डोळ्यामागं नऊ-साडेनऊ, कान कसाबसा आत येतो. आणि एक मीटरवर गेलात तर एफ १.८ चा पट्टा जेमतेम पावणेतीन सेंटिमीटर उरतो, तिरकं बघणाऱ्या माणसाचा एक डोळा शार्प आणि दुसरा मऊ येतो तो यामुळेच.

तर परत काढताना मी एफ १.८, २.८, ४, ५.६ आणि ८ असे पाच फोटो ओळीने काढले. जागा तीच. तुम्ही पण हे कराच, घरातल्या कुणालाही खुर्चीत बसवून. पाचही प्रिंट शेजारी ठेवल्या तेव्हा एफ ५.६ वाल्यात कान आला, मानेवरची माती दिसली, आणि मागची भिंत तरीही मऊच होती कारण गडी भिंतीपासून सात-आठ फूट पुढं उभा होता. मागचं ब्लर करायला अपर्चर उघडणं हा एकच उपाय मला माहीत होता, माणसाला भिंतीपासून पुढं आणणं हा दुसरा आणि फुकटचा उपाय त्या दिवशी सापडला.

याचा अर्थ एफ १.८ वाईट असं नाही. लहान बाळाचे डोळे, अंधारी खोली, मागं गर्दीचा रस्ता असेल तर मी आजही तेच वापरतो. पण आता आधी स्वतःला विचारतो की या चेहऱ्यात काय काय दिसायलाच हवं, आणि मग आकडा ठरवतो.

आता "हललाय" बद्दल. पूर्ण झूम करून बघा. फोटोत कुठंतरी, भुवईवर, कॉलरच्या टाक्यावर, मागच्या भिंतीवर, काहीतरी एकदम शार्प सापडलं तर फोकस चुकीच्या जागी बसलाय. काहीच शार्प नाही आणि डोळ्यातला उजेडाचा ठिपका रेघेसारखा ओढला गेलाय, तर हात हललाय किंवा माणूस हललाय. पहिल्यासाठी सिंगल पॉइंट फोकस (कॅमेरा एकाच ठिपक्यावर फोकस धरतो तो) लावून तो पॉइंटच जवळच्या डोळ्यावर न्या, मधल्या पॉइंटने फोकस धरून मग कॅमेरा फिरवायची सवय एफ १.८ ला चालत नाही. दुसऱ्यासाठी शटर १/२०० च्या खाली सहसा जाऊ नका, आयएसओ १६०० झाला तरी चालेल. फोटोत थोडे दाणे आले तर कुणाला खुपत नाही, धूसर डोळा मात्र पहिल्या सेकंदाला खुपतो.

"मी एवढी आजारी दिसते व्हय रं": उजेड

हे माझी आजी म्हणाली. तिचा फोटो मी परड्यात काढला होता, केळीखाली खुर्ची टाकून, दुपारी बाराला, मे महिन्यात. कोल्हापुरात मे च्या पहिल्या आठवड्यात सूर्य दुपारी जवळजवळ बरोबर डोक्यावर असतो. वरून उजेड पडला की कपाळ आणि नाकाचा शेंडा चमकतो, डोळ्यांच्या जागी दोन खड्डे होतात, आणि केळीच्या पानांतून गाळून आलेला उजेड हिरवट असतो, तो सगळा तिच्या गालावर. मला वाटलं होतं सावलीत बसवलंय म्हणजे उजेड मऊ असणार. आजीने प्रिंट हातात घेतली, पदराने पुसली, परत बघितली आणि ते वाक्य बोलली. तिला वाईट वाटलं होतं. त्या दिवसापासून मी कुणाचाही फोटो काढताना आधी त्याच्या डोळ्यांत बघतो की उजेडाचा ठिपका आहे का. तो ठिपका, ज्याला कॅचलाइट म्हणतात, तो नसेल तर चेहरा विझल्यासारखा दिसतो.

परत काढताना तिला उंबरठ्याच्या आत दोन फूट बसवलं, तोंड दाराकडं. वरून येणारा उजेड छताने अडवला, समोरून अंगणातला मोकळा उजेड, थेट ऊन कुठंच नाही. एवढंच. फ्लॅश नाही, छत्री नाही. ती नेहमीसारखी मांडीवर सूप घेऊन तांदूळ निवडत होती आणि मला काही केल्या कळेना की हनुवटीखालची सावली इतकी हलकी कशी काय आलीय, नंतर घरी मोठा करून बघितला तेव्हा लक्षात आलं की सुपातल्या पांढऱ्या तांदळावरून उजेड उलटून वर येत होता. कपाळावरचं गोंदण दिसत होतं, डोळ्यांत दाराची चौकट दिसत होती. रिफ्लेक्टर म्हणून लोक वेगवेगळ्या वस्तू विकत घेतात, मी अजूनही मांडीवर पांढरा टॉवेल टाकायला सांगतो.

दारातल्या उजेडात तुम्ही तीन फोटो काढून बघा. पहिला, तोंड सरळ दाराकडं. दुसरा, माणसाला पंचेचाळीस अंश वळवून, म्हणजे एक गाल उजेडात आणि दुसऱ्यावर सावली, सावलीतल्या डोळ्याखाली उजेडाचा छोटा त्रिकोण आला तर त्यालाच रेम्ब्रांट लाइट म्हणतात. तिसरा, पूर्ण बाजूने. सुरकुत्या पहिल्यात मऊ दिसतात आणि तिसऱ्यात कोरल्यासारख्या. यातलं बरोबर कुठलं हे फोटोग्राफरने एकट्याने ठरवू नये असं माझं ठाम मत आहे. बरेच नवशिके म्हाताऱ्या माणसांच्या सुरकुत्या खोल करून, ब्लॅक अँड व्हाइट करून "कॅरेक्टर" म्हणून दाखवतात, आणि त्या माणसाला घरात तो फोटो लावावासा वाटत नाही.

उजेड एकाच बाजूने आला की काय होतं ते बघायचं असेल तर चित्रकार सावळाराम हळदणकरांनी जलरंगात काढलेलं दिवा धरलेल्या बाईचं चित्र शांतपणे बघा. मूळ चित्र मैसूरला जगनमोहन पॅलेसमध्ये आहे, पण चांगल्या प्रिंटवरही कळतं. हाताच्या आडोशाचा दिवा, बोटांच्या फटीतला लालसर उजेड, चेहऱ्यावर खालून आलेली उब, आणि बाकी काही नाही. त्यासाठी उभी राहिलेली त्यांची मुलगी गीता पुढं कोल्हापुरातच राहायची, शंभरी ओलांडल्यावर २०१८ मध्ये वारली, म्हणून आमच्याकडं त्या चित्राबद्दल जरा जास्तच आपुलकी आहे.

घराच्या आत काढताना भिंतीचा रंग पण बघा. हिरवा किंवा गुलाबी ऑइलपेंट असेल तर तो गालावर उतरतो आणि व्हाइट बॅलन्सने (रंगाची झाक दुरुस्त करणारं सेटिंग) पूर्ण जात नाही, कारण एका गालावर असतो आणि दुसऱ्यावर नसतो. माणसाला भिंतीपासून लांब घ्या. ट्यूबलाइटखाली फोटोत आडवे पट्टे येत असतील किंवा ओळीने काढलेल्या फोटोंचा उजेड कमीजास्त होत असेल तर शटर १/१०० किंवा १/५० ठेवा, आपल्याकडची वीज पन्नास हर्ट्झची असल्यामुळे दिवा सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतो. अशा वेळी शटर हळू आहे म्हणून माणसाला जरा स्थिर बसवा आणि चार-पाच फोटो जास्त काढा.

"नाक केवढं आलंय": अंतर

याचा दोष लोक लेन्सला देतात. कारण अंतर असतं. नाकाच्या शेंड्यापासून कान साधारण बारा सेंटिमीटर मागं धरा. फोन चाळीस सेंटिमीटरवर धरला तर कान बावन्नवर, म्हणजे नाक कानाच्या मानाने तीस टक्के मोठं दिसणार. दीड मीटरवरून तोच फरक आठ टक्के. म्हणून मागं सरका, दीड-दोन मीटर, आणि मग झूम करा किंवा क्रॉप करा. कॅमेऱ्यासोबत मिळालेली किट लेन्स असेल तर पंचावन्न एमएमच्या टोकाला ठेवा. फोनमध्ये टू एक्स किंवा थ्री एक्स लावा. पोर्ट्रेट मोड वापरत असाल तर केसांच्या कडा आणि चष्म्याची दांडी नक्की तपासा, तिथं खोटं ब्लर पकडलं जातं.

"एवढा गोरा कुठं आहे तो": एक्स्पोजर आणि कातडीचा रंग

यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण इथं चूक झाली की माणसाचा अपमान होतो. कॅमेऱ्यातलं उजेड मोजणारं मीटर समोरचं सगळं मिसळून मधल्या करड्या रंगाला आणायला बघतं, ज्याला अठरा टक्के ग्रे म्हणतात. पांढरी टोपी, पांढरा सदरा, पांढरी भिंत असली तर मीटरला वाटतं फार उजेड आहे, आणि तो फोटो गडद करतो, आजोबांचा चेहरा काळवंडतो. उलट सावळा माणूस गडद भिंतीसमोर असला की मीटर फोटो उजळतो, आणि चेहरा फिका, राखाडी, पावडर लावल्यासारखा. पहिल्या वेळी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो मुद्दाम उजळ किंवा गडद करायचं सेटिंग) अधिक ०.७ ते १ करा, दुसऱ्या वेळी वजा ०.७. किंवा फक्त एका ठिपक्यावरचा उजेड मोजणाऱ्या स्पॉट मीटरने उजेडाकडच्या गालावरून मोजा, आणि माणूस सावळा असेल तर तिथंही आकडा शून्याच्या थोडा खाली ठेवा.

माझ्या तालमीतल्या एका फोटोत मी एडिट करताना गड्याचा रंग दोन छटा उजळ केला होता, चांगल्या मनाने, फोटो फ्रेश दिसावा म्हणून. तो फोटो बघून त्याचा धाकटा भाऊ म्हणाला, हा कोण? तो सावळा आहे, उन्हात पळून आणि मातीत लोळून आणखी रापलेला आहे, आणि त्याचा भाऊ त्याला त्या रंगाने ओळखतो. आता मी एडिट झाल्यावर नेहमी मूळ फाइल आणि हात बघतो. चेहऱ्याचा रंग त्याच फोटोतल्या हाताच्या रंगाशी जुळत नसेल तर मी काहीतरी जास्त केलंय. डाग, पुरळ काढायचे असतील तर पंधरा दिवसांत जे आपोआप जाणार आहे तेवढंच काढतो, तीळ, व्रण, गोंदण याला हात लावत नाही. आणि रॉमध्ये (सेन्सरची कच्ची फाइल) काढा, जागा जास्त खाते पण रंग परत आणता येतो, जेपेगमध्ये एकदा गाल फाटला, म्हणजे नुसता पांढरा झाला, की गेला.

मागची वायर

यावर फार बोलायची गरज नाही. व्ह्यूफाइंडरमध्ये चेहरा सोडून चारही कडांवरून एकदा नजर फिरवा, डोक्यातून निघालेला खांब, मानेतून गेलेली भिंतीची रेघ, स्विचबोर्ड, कॅलेंडर. दोन पावलं डावीउजवीकडं किंवा गुडघ्यावर बसलं की नव्वद टक्के वेळा सुटतं. आणि कापताना मनगट, कोपर, गुडघा या सांध्यांवर कापू नका, थोडं वर किंवा खाली कापा.

"अवघडलाय": हावभाव

हा शेरा आला की बरेच जण पोझच्या मागं लागतात. माझा अनुभव असा की माणूस अवघडतो कारण तुम्ही गप्प असता आणि कॅमेऱ्याच्या बटणांशी खेळत असता. सेटिंग आधी करून ठेवा, त्याच जागी दुसऱ्या कुणाला उभं करून टेस्ट काढा, मग मूळ माणसाला बोलवा. "स्माइल" म्हणू नका. त्याला त्याच्या कामाबद्दल विचारा, आणि उत्तर संपल्यावर जो एक क्षण असतो, वाक्य संपलंय पण मनात अजून तेच चाललंय, तेव्हा बटण दाबा. पैलवानाला मी विचारलं, पहिली कुस्ती कुठं मारलीस? गावाच्या जत्रेतली गोष्ट सांगून झाली, बक्षिसाचा नारळ आईच्या हातात दिला म्हणाला, आणि मग दोन सेकंद काहीच बोलला नाही. तो फोटो माझ्याकडं आहे.

हात कुठं ठेवायचे हा प्रश्न असेल तर हाताला काम द्या. सूप, टॉवेल, चहाचा कप, काहीही.

कुठली टीका बाजूला ठेवायची

सगळं ऐकायचं म्हणजे सगळं मानायचं असं नाही. माझी फूटपट्टी साधी आहे. एकमेकांशी न बोललेल्या तीन जणांनी एकाच जागेवर बोट ठेवलं तर तिथं दुखणं आहे, मग ते तीन वेगवेगळे उपाय सांगत असले तरी. बोट ठेवलेली जागा खरी मानायची, सांगितलेला उपाय नाही. "फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचा कॅमेरा) घे मग बघ" ही टीका नाही, ती खरेदी आहे, ती वहीत लिहू नका. "मला ब्लॅक अँड व्हाइट आवडत नाही" ही त्याची आवड झाली, नोंद घ्या आणि पुढं जा. आणि जो माणूस फोटोबद्दल न बोलता तुमच्याबद्दल बोलतो, "तुला नजरच नाही" वगैरे, त्याला परत फोटो दाखवू नका. मला एकाने असं म्हटलं होतं आणि माझे दोन महिने फुकट गेले, त्या दोन महिन्यांत कॅमेरा कपाटातून बाहेर निघाला नाही. अशा वाक्यातून पुन्हा काढून बघण्यासारखं काहीच हाताला लागत नाही, त्यामुळे ते टीकेत धरायचंच नाही.

उलट ज्याचा फोटो आहे त्याचं बोलणं सगळ्यात वर ठेवा. तो तांत्रिक चुका सांगणार नाही, पण "हा मी नाही" हे तोच सांगू शकतो. त्याला प्रिंट द्या आणि आठ दिवसांनी घरी गेल्यावर बघा, ती कुठं ठेवलीय.

दुसरी फेरी

साधारण महिन्याने त्याच लोकांकडं परत जा, जुने आठ आणि परत काढलेले आठ जोड्या लावून. यावेळी कुठला नवा ते सांगू नका, नुसतं विचारा की यातला कुठला ठेवशील आणि का. नवा निवडला तर काय बदललं होतं ते वहीत आधीच आहे. जुना निवडला तर जास्त शिकायला मिळतं. माझ्या एका जोडीत सगळ्यांनी जुना निवडला, नव्यात उजेड चांगला होता, कान होता, सगळं होतं, पण पाच अपर्चर काढता काढता गडी कंटाळला होता आणि ते डोळ्यांत दिसत होतं. तेव्हापासून अशा टेस्ट मी भावावर करतो आणि ज्याचा फोटो काढायचाय त्याच्या वाट्याला दहा मिनिटांच्या वर येत नाही.

काकांकडं मी पैलवानाचा एफ ५.६ वाला नेला. त्यांनी तसाच चष्मा वर केला, बराच वेळ बघितला, कानावर अंगठा ठेवला, "आला" म्हणाले. मग प्रिंट टेबलावर ठेवून तिच्या खालच्या कडेवरून बोट फिरवलं. गड्याने छातीवर हात बांधले होते आणि मी फ्रेम कापताना उजव्या हाताची चार बोटं अर्धी कापली होती. "आता बोटं कुठं गेली?"

मी वही काढली आणि लिहिलं. काका, बोटं. शेजारी: पाऊल मागं, फ्रेम कोपराच्या खालपर्यंत, बाकी काही बदलायचं नाही. रविवारी सकाळी साडेसहाला परत तालीम.